जळजळ थांबली तेव्हा

आमच्या घरात पोटाचा आजार ह्यांचा होता, माझा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

हे म्हणजे माझे यजमान, नागराजराव. वीज खात्यात होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं पित्त ऐकत आले आहे. जेवणानंतर ढेकर, ढेकरेनंतर "अय्यो शिवा", आणि मग आज सांबारात नेमकं काय जास्त झालं याची चौकशी. म्हैसूरात राहून आमच्या सांबाराला चिंच नाही, चटणीला हिरवी मिरची नाही. पाहुणे यायचे ते विचारूनच यायचे, "रावांचं पोट कसं आहे?" गुलाबी औषधाची बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात असायची. देवाला हात जोडले की तिकडेही नजर जायचीच.

मी शाळेत गणित शिकवते. आम्ही म्हैसूरच्या कडेला हिनकलला राहतो, शाळा आता घरापासून दोन स्टॉपवर. पण नोकरीची पहिली अकरा वर्षं मी पिरियापट्टणला होते. पहाटेची बस, रिकाम्या पोटी कॉफी, डबा उघडायला दुपारचे तीन. त्या वर्षांत, आणि पुढेही काही वर्षं, मलाही जळायचं. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं, आणि तो गळ्यापर्यंत चढायचा. आमची घरातली भाषा मराठी खरी, पण याला आम्ही कन्नडच शब्द वापरतो, एदेउरी. ऊर जळणं. मी शाळेतल्या कपाटात खाण्याच्या सोड्याची पुडी ठेवली होती. चिमूटभर पाण्यात घालून प्यायची की फळ्यासमोर उभं राहता यायचं.

घरी कधी बोलले नाही. एका घरात दोन पित्तं कशाला, असं वाटायचं. खरं सांगायचं तर तसं काही ठरवलंही नव्हतं. ह्यांचं ऐकता ऐकता माझं सांगायचं राहून गेलं, अष्टे, एवढंच.

मग कधीतरी, मी पंचेचाळिशीत असताना, ते थांबलं. एक दिवस कपाट आवरताना पुडी सापडली, ओली होऊन दगड झालेली. तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिने सोडा घेतलेलाच नाही. मला आनंद झाला. बदली जवळ मिळाली, जेवण वेळेवर होतं, म्हणून बरं झालं असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुडी फेकून दिली.

•

गेल्या वर्षी ह्यांची तक्रार वाढली. आमची मुलगी रूपा बंगळूरला नोकरीला असते. तिने फोनवरून हट्ट धरला, "अप्पा, किती वर्षं बाटली पिणार? एकदा दुर्बीण घालून बघून तरी घ्या." पोटाच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, इथे मी मराठीत लिहिते आहे. ह्यांना काही विचारलं की उत्तर मीच देत होते. किती दिवस, काय खाल्लं की वाढतं, झोप कशी. ह्यांच्या पोटाबद्दल ह्यांच्यापेक्षा मला जास्त माहिती.

मध्येच त्यांनी पेन थांबवलं. "तुमचा आवाज नेहमी असाच बसलेला असतो?"

"शाळेत शिकवते ना. साठ पोरं एका वर्गात."

"सुट्टीत बरा होतो?"

मी विचार केला. उन्हाळ्याच्या सुट्टीतही सकाळी उठल्यावर घसा खाकरावा लागायचा. "नाही," म्हटलं.

"जळजळ?"

"पूर्वी होती. पंधरा-सोळा वर्षं. मग आपोआप गेली."

हे माझ्याकडे वळून बघायला लागले. डॉक्टर बाईही बघत होत्या, पण त्यांचं बघणं वेगळं होतं. "औषध न घेता गेली?"

"सोडा घ्यायची. तोही बंद केला."

"मग तुमचीही बघू या," त्या म्हणाल्या. "एकाच सकाळी दोघांची."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पंधरा वर्षं? कधी?" मी म्हटलं, "अहो, ती जुनी गोष्ट." आणि आम्ही बस पकडली.

•

तपासणीबद्दल लोक फार घाबरवतात, म्हणून लिहिते. उपाशीपोटी जायचं. घशात एक औषध फवारतात, कुजक्या केळ्याच्या चवीचं. जीभ आपली नाही असं वाटायला लागतं. मग कुशीवर झोपायचं, दातांत एक कडं धरायचं आणि नळी आत जाते. केरळकडची नर्स होती, तिचं कन्नड मोडकं होतं. ती माझा हात धरून एकच शब्द म्हणत होती, "नुंगी अम्मा, नुंगी." गिळा अम्मा, गिळा. डोळ्यांतून पाणी आलं, ओकाऱ्या आल्या, पण दुखलं नाही. सात-आठ मिनिटांत संपलं. तिने माझं तोंड ओल्या कापडाने पुसलं. माझं तोंड असं कुणी पुसून किती वर्षं झाली असतील!

ह्यांचं आधी झालं होतं. हे बाकावर बसून रुमालाने डोळे टिपत होते. दोन फायली आल्या. ह्यांच्या फायलीत होतं, जठराला थोडी सूज, बाकी सगळं ठीक. माझ्या फायलीत होतं, अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदललेलं, चार तुकडे तपासायला पाठवले आहेत.

ह्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. मग उठून फायली देणाऱ्या खिडकीशी गेले. "फायली बदलल्या आहेत," म्हणाले. "पोटाचा त्रास मला आहे."

खिडकीतल्या मुलीने नावं वाचून दाखवली.

"नावं बरोबर असतील हो. आतलं बदललंय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. पण खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. कुठे दुखत नाही, जळत नाही, एरवी रोज सकाळी इडल्या खाऊन पचवणारी बाई मी. तुकडे माझे का?

डॉक्टर बाईंनी आत बोलावलं आणि कागदावर नळीचं चित्र काढलं. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की काही जणांच्या नळीचं अस्तर स्वतःला वाचवायला बदलतं, आतड्यासारखं होतं. या अवस्थेला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. "नवं अस्तर आम्लाला सरावतं," त्या म्हणाल्या. "म्हणून काहींची जळजळ कमी होते. तुम्हाला वाटलं बरं झालं."

मी मुलांना शिकवते की उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकलेली असू शकते. पण इथे काय चुकलं तेच मला कळेना. दुखायचं थांबलं, म्हणजे दुखणं वाढलं? मग बरं वाटणं कशाला म्हणायचं?

•

आठ दिवसांनी तुकड्यांचा अहवाल आला. कॅन्सर आहे किंवा नाही, दोन्हींपैकी एक ऐकायची मी तयारी करून गेले होते. घरातलं सोनं रूपाला कुठलं, हेही मनात ठरवून झालं होतं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही."

ह्यांनी हात जोडले.

"पण पेशी त्या दिशेने निघाल्या आहेत का, ते सांगता येत नाही असं लिहिलंय. सूज इतकी आहे की नीट दिसत नाही. अनिश्चित."

"म्हणजे त्यांना ठाऊक नाही?"

"गोत्तिल्ला, असंच म्हणा," त्या म्हणाल्या. ठाऊक नाही. "आम्ल दाबणारी गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास. तीन महिन्यांत सूज उतरेल. मग पुन्हा बघू."

"तोवर मी काय करू?"

"शाळेत जा," त्या म्हणाल्या.

हे सगळ्यात अवघड निघालं. आजारी माणसाला काय करायचं ते माहीत असतं. रजा काढायची, पडून राहायचं, लोक मोसंबी घेऊन येतात. मी त्या महिन्यात एक दिवस रजेचा अर्ज घेऊन बसले. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. 'आजारपण' लिहिलं, खोडलं. 'तपासणी' लिहिलं, पण तपासणी तर तीन महिन्यांनी होती. शेवटी अर्ज फाडला आणि दहावीला वर्गसमीकरणं शिकवायला गेले. तिथे निदान 'क्ष'ची किंमत निघते.

रूपा रोज फोन करायची. सोमवारी म्हणायची, "अम्मा, मी वाचलंय, काही होत नाही यात, बहुतेकांना काहीच होत नाही." बुधवारी म्हणायची, "अम्मा, उशीर करू नको, दुसऱ्या डॉक्टरना दाखवू या." दोन्ही वेळा ती रडवेली असायची.

ह्यांची थोरली बहीण सुमित्राक्का रविवारी आल्या. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "कॅन्सरच असणार. आजकाल डॉक्टर एकदम सांगत नाहीत." मग माझ्या हातची कॉफी प्यायल्या, "तुझा हात काही आजारी माणसाचा वाटत नाही" असंही म्हणाल्या. कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा?

मला स्वतःच्या अंगाचीच भीती बसली. डावा गुडघा चार वर्षं दुखत होता. एका सकाळी जिना उतरले आणि तो दुखला नाही. मी पायरीवरच बसले. आता गुडघ्यात काय बदललं? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुखायला लागला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अशी माझी अवस्था.

•

ह्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, कारण डॉक्टर बाईंनी उशाकडची बाजू उंच करायला सांगितली होती. सकाळी मी पायथ्याशी घसरून गेलेली असायचे. ठोकळे कमी-जास्त करण्यात ह्यांचे दोन आठवडे गेले. गोळीची वेळ हे पाळायचे. दुपारची कॉफी बंद केली, माझीही आणि स्वतःचीही.

पण बोलत नव्हते. इतकी वर्षं बोलणारा माणूस जेवताना गप्प. ढेकर आली तर तोंड दाबून मोरीकडे जायचे, जणू चोरी केली. मला त्याचा राग यायला लागला. का ते सांगता येत नव्हतं.

एक दिवस मी सांबार केलं, बऱ्याच वर्षांनी चिंच घालून, कारण ह्यांचं पोट तर आता ठीक होतं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "तुला आंबट नको सांगितलंय ना?"

"मी खात नाहीये. तुमच्यासाठी केलं."

"मला तरी कशाला?"

"का? तुम्हाला काही झालं नाही याचं वाईट वाटतंय का?"

बोलून गेले. मग थांबता आलं नाही. "तीस वर्षं या घरातला स्वयंपाक तुमच्या पोटाभोवती फिरला. मी शाळेत सोडा पिऊन उभी राहायचे, ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "तू सांगितलंस कधी?"

"तुम्ही विचारलंत?"

"मी सांगत होतो, म्हणून तुला कळलं. तू सांगितलं नाहीस, मला कसं कळणार?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तेव्हाच गोळ्या सुरू केल्या असत्या, तर आज..."

मी भांडी घासायला गेले. ते बरोबर होते, आणि मीही बरोबर होते. दोघांचं बरोबर असूनही हिशेब जुळत नव्हता. चूक कुणाची, हे मला त्या दिवशी ठरवायचंच होतं, आणि ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही.

•

तीन महिन्यांनी पुन्हा तीच खोली, तोच केळ्याचा फवारा. नर्स वेगळी होती, तिने हात धरला नाही, म्हणून मी पलंगाची दांडी धरली. यावेळी तुकडे जास्त घेतले. पुन्हा आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी सहामाहीचे पेपर तपासले. नंतर बघितलं तर एका मुलीला शंभरपैकी एकशे चार गुण दिले होते.

निकालाच्या दिवशी रूपा बंगळूरहून आली होती. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टर बाई हसत होत्या, पण मी हसण्यावर भरवसा ठेवणं सोडलं होतं.

"सूज उतरली आहे. पेशी वाईट दिशेने गेलेल्या नाहीत. हे आता स्पष्ट लिहिलंय."

रूपा रडायला लागली. हे भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत राहिले.

"आणि अस्तर?" मी विचारलं.

"ते तसंच राहील बहुतेक. गोळी चालू ठेवायची. पुढच्या वर्षी एकदा बघू, मग अंतर वाढवू. काही बिघडायला लागलं तर लवकर कळेल, तेव्हा उपाय सोपा असतो. तपासणीचा उपयोग तोच."

"म्हणजे मी बरी की आजारी?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, याला माझ्याकडे चांगला शब्द नाही," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून मी त्यांच्याकडेच जात राहणार आहे.

जे वाचत असतील त्यांना माझं एवढंच सांगणं. जळजळणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही, बहुतेकांना होत नाही, हे डॉक्टर बाईंनी मला तीनदा सांगितलं. पण वर्षानुवर्षं जळत असेल, तर सोड्यावर आणि बाटलीवर दिवस काढू नका. एकदा दाखवा. आणि औषध न घेता ते आपोआप थांबलं, तर तेही सांगा, बरी बातमी म्हणून नव्हे, नुसती बातमी म्हणून. बसलेला आवाज, सकाळचं खाकरणं, तेही सांगा. मी कुणी विचारेल म्हणून थांबले होते. मला विचारलं ते एका परक्या बाईने, आणि तेही मी दुसऱ्याच्या आजाराबद्दल बोलत असताना.

•

महिनाभराने हे म्हणाले, "बेट्टदपुरला जाऊन येऊ."

"का?"

"नवस केला होता."

मला ठाऊक नव्हतं. आम्ही पिरियापट्टणची बस धरली. वाटेत तंबाखूच्या भट्ट्या लागल्या, माझ्या नोकरीच्या दिवसांतला तोच कडवट गोड वास. बेट्टदपुरला उतरून डोंगराच्या पायथ्याशी गेलो. देऊळ पार वर, आणि पायऱ्या संपता संपत नाहीत. शंभरेक चढल्यावर माझ्या गुडघ्याने नकार दिला. हे म्हणाले, "तू बस. मी जाऊन येतो, नवस माझा आहे." बासष्ट वर्षांचा माणूस, काखेत नारळ घेऊन, दर वीस पायऱ्यांवर थांबत वर निघाला.

मी खाली येऊन बसले. तिथे एक फुलं विकणारी बाई होती, माझ्याच वयाची. तिने विचारलं, "कशाचा नवस?"

"माझ्या आजाराचा."

"काय झालं होतं?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "होतं की नव्हतं, तेच ठाऊक नाही."

"असा कसा आजार?" ती म्हणाली आणि टोपली बाजूला सारून मला जागा केली.

मग मी सांगायला लागले. कन्नडमध्ये, पहिल्यापासून. पहाटेच्या बसपासून. कॉफी, निखारा, सोड्याची पुडी. वर्गात एकदा पाठमोरी होऊन फळ्याला कपाळ टेकलं होतं आणि मुलांना वाटलं बाई गणित आठवताहेत, तेही. रूपाच्या वेळी सातव्या महिन्यात महिनाभर बसूनच झोप काढली होती, तेही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, सांगण्यासारखं त्यात काही नाही. ती मध्ये मध्ये फुलं मोजून द्यायची आणि "हं, मग?" म्हणायची. ऊन डोंगराच्या दुसऱ्या अंगाला गेलं तरी माझं संपलं नव्हतं.

हे उतरून आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता, पाय थरथरत होते. हातात प्रसाद होता. त्या बाईने त्यांना पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "अप्पा, तुमच्या बायकोने एवढं सोसलं, तुम्हाला ठाऊक होतं?"

हे पाणी प्यायले. भांडं परत दिलं.

"थोडं," म्हणाले. "परवा परवा कळलं."

मला वाटलं, आता म्हणतील चल, बस चुकेल. शेवटची नव्हती, पण म्हैसूरपर्यंत थेट जाणारी तीच होती. ते माझ्या शेजारी दगडावर बसले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"हिला जे सांगत होतीस," मराठीत म्हणाले, "ते मला सांग. पहिल्यापासून."